आत्यांचे हात

ही गोष्ट म्या माज्या सख्ख्या आईला बी सांगितलेली न्हाय. ह्येंना न्हाय, बहिणीला न्हाय. देवाफुडं उभी ऱ्हाते तवा दुसरंच कायतरी मागते आन पटकन घंटा वाजवून खाली उतरते — जास्त येळ उभी ऱ्हायले तर तोंडातनं निघंल असं भ्या वाटतं. तुमी मला वळखत न्हाय. म्हणूनच तुमाला सांगते.

कुठनं सुरू करू? मला नीट लिवता येत न्हाय, नववीत शाळा सुटली. माहेर बावड्याचं, दिलं लोणी भापकरला. ह्ये बारामतीला कंपनीत जात्यात, शिफ्ट आसती, मोटारसायकलवर येणं-जाणं. घरात आमी दोघं आन माजी सासू. आमच्यात सासूला आत्या म्हणत्यात. मी बी आत्याच म्हणते. आन माजी इशू. नाव ईश्वरी, पण कोण म्हणतंय एवढं, समदी इशूच म्हणत्यात. अकरा महिन्याची हाय आता.

आदी आत्यांचं सांगते. ते सांगितल्याबिगर फुडलं कळायचं न्हाय.

आत्या गावात लेकरं न्हाऊ घालायच्या. कुणाची बी पोरगी बाळंतपणाला आली की घरातनं निरोप यायचा, शेवंताकाकूला बलवा. मग आत्या सकाळचं काम उरकून जायच्या. पाटावर बसायच्या, दोन्ही पाय लांब करायच्या, लेकरू पायावर पालथं घ्यायच्या आन तेल चोळायच्या. खुरपून खुरपून त्येंच्या हाताला घट्टं पडल्यालं, तळव्याला भेगा. पण ते हात लेकराच्या पाठीवर पडले की लेकरू रडायचं थांबून आळस द्यायचं. म्या माज्या डोळ्यानं बघितलंय. गावातल्या निम्म्या पोरांची टाळू त्येंनीच भरली आसंल. वीस-बावीस वर्षाचे बाप्ये रस्त्यानं जाताना हाक मारत्यात, काय काकू, वळखलं का? आन आत्या म्हणायच्या, तोंडावरनं न्हाय वळखलं बाबा, पाठमोरा हो, मग सांगते.

इशू बावड्यालाच झाली. तिसऱ्या महिन्यात मला हिकडं आणलं. आन हितं आल्यापासनं तिनं माज्या हातात रडायला सुरवात केली. खोटं न्हाय सांगत. मी घेतली की रडायची, आत्यांनी घेतली की गप. दूध प्यायला माज्याकडं, झोपायला त्येंच्याकडं. कसं वाटत आसंल मला? तुमी सांगा. नऊ महिने पोटात कुणी वागवली? टाके कुणाला पडले?

शेजारच्या ताराक्काला लय बोलायची सवय. एकदा भिंतीवरनं वाकून म्हणली, "अगं सुनबाई, हिची आई आजीच हाय. तू नुसती डेअरी. सकाळ-संध्याकाळ दूध घालायचं आन चालायला लागायचं." आत्या हासल्या. ह्ये बी हासले. मी बी हासले — काय करणार? पण ते माज्या आतमधी जाऊन बसलं. डेअरी. भाकरी थापताना आठवायचं, कपडं वाळत घालताना आठवायचं.

आत्यांनी मला कवा बी वाकडं बोललं न्हाय. हे बी लिवून ठेवते, न्हायतर तुमाला वाटंल सासू तशी आसंल. न्हाय. माज्या ताटात तूप वाढायच्या, सोताच्या भाकरीला तेल लावायच्या. तरी बी मला त्येंचा राग यायचा. लेकरू त्येंच्या खांद्यावर मान टाकून झोपायचं ना, तवा यायचा.

आता गुटीचं सांगते.

रोज सकाळी इशूची आंघोळ झाली, ओव्याची धुरी झाली की आत्या सहाण घ्यायच्या. सहाण म्हंजी तो वाटोळा दगड, चंदन उगाळत्यात तसला. त्याच्यावर माज्याच दुधाचे चार थेंब. मग वेखंडाचे दोन वळसे, हळकुंडाचा एक, मुरडशेंग, हिरडा, खारीक, बदाम. वळसा म्हंजी दगडावर एकदा गोल फिरवायचं. जायफळ समद्यात शेवटी. त्याचा एकच वळसा, तो बी दगडाला लागलं न लागलं असा. मला बसवून शिकवायच्या. म्हणायच्या, "बाकीचं एखांदा वळसा हिकडं-तिकडं झाला तर काय न्हाय. जायफळाला जपायचं. ते झोपवतं, पण किती झोपवायचं ते त्याला कळत न्हाय. ते आपल्याला कळाय पायजे."

हे त्येंनी मला सांगितलं व्हतं. एकदा न्हाय, चार-पाच बार सांगितलं व्हतं. मला ठावं नव्हतं असं मला म्हणता येत न्हाय.

इशूला पाचवा महिना लागला व्हता. त्या दिवशी तिला न्हाऊ घालून, गुटी पाजून आत्या खालच्या आळीला गेल्या, तितं एक बाळंतीण व्हती. ह्येंची दिवसाची शिफ्ट. घरात मी आन इशू. ऊन तापायला लागलं व्हतं. बाराच्या सुमाराला इशू उठली आन रडायला लागली ते थांबंचना. पाजली. खांद्यावर घेतली. झोळीत घालून हालवली. पोटाला हिंग लावला. मोबाइलवर गाणं लावलं. अंगणात फिरवली. माजे केस धा दिवस धुतले नव्हते, नुसत्या जटा झाल्या व्हत्या, आन मी फकस्त एवढंच म्हणत व्हते, बाई, मला डोक्यावरनं पाणी घिऊ दे गं, एवढंच. आन भिंतीपलीकडनं ताराक्काचा आवाज आला — "आजी न्हाय का घरात? मग रडणारच की लेकरू!"

म्या भिंतीतल्या दिवळीतनं सहाण खाली घेतली.

दुधाचे थेंब पाडले. वेखंड घेतलं न्हाय, हळकुंड घेतलं न्हाय. नुसतं जायफळ घेतलं. एक वळसा घातला. दोन. तीन. पाचव्याला माजा हात थांबला. हे मला सांगायलाच पायजे, हात थांबला व्हता. म्हंजी मला कळत व्हतं. येडी नव्हते मी, झोपेत नव्हते. थांबले, इशूकडं बघितलं, ती लालबुंद झाल्याली, मुठी आवळल्याल्या — आन फुडं उगाळायला लागले. मोजत व्हते. मनात मोजत व्हते, आत्या मोजायच्या तसं. बोटानं समदं निपटून तिच्या जिभेवर लावलं. तिनं ते चाटलं.

थोड्या येळानं ती गप झाली. डोळं जड झालं. माज्या मांडीवर झोपली. माज्या! आत्या नसताना!

मला किती आनंद झाला सांगू? म्या तिला झोळीत टाकलं आन भिंतीपशी जाऊन वरडून सांगितलं, "काकी, झोपली बरं का! आजीबिगर झोपली!" ताराक्का म्हणली, "बरं झालं बाई, लागली एकदाची हाताला." मग म्या पाणी तापवलं, शिकेकाई लावली, चांगले घासून केस धुतले. अंगणात उन्हाला बसून वाळवले. गाणं बी म्हणत आसंन.

आन सहाण धुऊन जाग्यावर ठेवली. सहाण रोज आत्या धुतात. मी त्याच्या आदी कवाच धुतली नव्हती. त्या दिवशी का धुतली? तवा इशूला काय बी झालं नव्हतं. तरी धुतली.

चारच्या सुमाराला आत्या आल्या. दारातच इचारलं, लेकरू कुठंय? म्या म्हणलं झोपलंय. कवापासनं? म्या म्हणलं, लय येळ झाला, झोपू द्या. त्येंनी पाय सुद्दा धुतले न्हायत. झोळीत हात घातला, तिच्या तळपायाला टिचकी मारली. परत मारली. उचलली तर मान मागं पडली, कपडा पडल्यावानी. आत्या नुसत्या "अगं" म्हणल्या. तेवढंच. आन लेकरू छातीला धरून आनवाणी रस्त्यानं पळत सुटल्या.

ताराक्काच्या दिराची गाडी व्हती. मागल्या शिटावर आत्या आन मी. बारामती यीस्तवर आत्या तिचे तळपाय घासत व्हत्या, कानाशी तोंड नेऊन हाका मारत व्हत्या, "इशूबाई, ए इशूबाई, आजी आलीय, डोळं उघड." मी काय करत व्हते? काय न्हाय. माज्या केसाला शिकेकाईचा वास येत व्हता. गाडीत सांगायला पायजे व्हतं. दवाखाना यायला लय येळ व्हता. सांगितलं असतं तर डाक्टरला गेल्या गेल्या कळलं असतं. म्या तोंड उघडलं बी व्हतं एकदा. आत्यांना वाटलं मी रडायला लागले. त्येंनी एका हातानं माजं डोकं सोताच्या खांद्यावर घेतलं.

दवाखान्यात इशूला आत नेलं. नळ्या लावल्या. ह्ये कंपनीतनं तसंच आले, कंपनीच्या कपड्यावर. एक डाक्टरीणबाई भाईर आल्या आन इचारलं, "बाळाला काय दिलं होतं? खरं सांगा. जे दिलं असेल त्यावर उपचार ठरतो."

ह्येंनी माज्याकडं बघितलं. त्येंचं तसलं तोंड म्या कवा बघितलं नव्हतं.

आन म्या म्हणलं — "आत्या गुटी देत्यात."

माज्या तोंडातनं ते किती सरळ निघालं. अडाकलं न्हाय, थरथरलं न्हाय.

आत्या म्हणल्या, "व्हय बाई, सकाळी दिली. रोज देते."

"जायफळ असतं त्यात?"

"आसतं. येक वळसा."

"एका वळशानं असं होत नाही, आजी. जास्त गेलंय. आठवून सांगा."

"येकच घेते मी," आत्या म्हणल्या. मग म्हणल्या, "येकच घेतला आसंल."

ह्ये तितंच वरडले. समद्या लोकांत, सोताच्या आईला. काय काय बोलले ते मी लिवत न्हाय. आत्या बाकड्यावर बसल्या आन बोटांवर कायतरी मोजायला लागल्या. वेखंड, हळकुंड, मुरडशेंग. परत पहिल्यापासनं. वेखंड, हळकुंड. मी त्येंच्या शेजारी बसले व्हते. आमच्या दोघीत एवढं बोटभर अंतर.

दुसऱ्या दिवशी इशूनं डोळं उघडलं, दूध प्याली. डाक्टरीणबाई म्हणल्या, येळंवर आणलं म्हणून वाचली. घरी आलो. उंबऱ्यातच ह्येंनी आत्यांना सांगितलं, "आयं, हितनं फुडं लेकराला हात लावायचा न्हाय." आत्या म्हणल्या, "बरं."

तुमी म्हणाल, घाबरली व्हतीस, पोर मरणाच्या दारात, नवरा तसा, निघालं तोंडातनं. मी बी सोताला तसंच सांगत ऱ्हायले, लय दिवस. पण खरी गोष्ट अजून सांगितलीच न्हाय. तितं जायला भ्या वाटतंय म्हणून मी हिकडचं तिकडचं लिवतीय. आता सांगते.

धा-बारा दिवसांनी. दुपारची येळ, ह्ये कामाला, इशू झोपल्याली. मी अंगणात तांदूळ निवडत व्हते. कसली गडबड न्हाय, कोण वरडत न्हाय, कुणाचं भ्या न्हाय. आत्या आल्या आन माज्याफुडं बसल्या. हातात जायफळ. त्येंनी ते मला दाखवलं. एका बाजूनं घासून पांढरट, सपाट झाल्यालं.

मला म्हणल्या, "पोरी, हे माज्या हातनं एवढं झिजलं आसंल असं वाटत न्हाय गं मला. तू दिलती का त्या दिवशी दुपारची?"

मी तांदूळच बघत ऱ्हायले.

"दिली आसंल तर दिली," आत्या म्हणल्या. "मी बी तुज्या वयाची व्हते. माज्या थोरल्याला, तुज्या दिराला, म्या चुलीफुडं शेकताना भाजवलाय, पायावर डाग हाय अजून त्याच्या. चुकतं माणूस. मी कुणाला सांगायची न्हाय, तुज्या नवऱ्याला तर न्हायच न्हाय. मला फकस्त एवढं सांग, किती वळसे घेतलंस. म्हंजी लेकराकडं कसं ध्यान द्यायचं ते मला कळंल."

बघा. त्या माज्यावर चिडल्या न्हायत. त्येंनी दार उघडून दिलं व्हतं. मला नुसता एक आकडा सांगायचा व्हता. तो मला पाठ व्हता.

म्या म्हणलं, "न्हाय आत्या. म्या हात सुद्दा लावला न्हाय सहाणंला."

आन तेवढ्यावर थांबले न्हाय. कुणी इचारलं बी नव्हतं फुडचं. म्याच सोताहून म्हणलं, "तुमीच त्या दिवशी लय येळ उगाळत व्हता. मी बघितलं. तुमचं ध्यान नव्हतं."

आत्यांनी जायफळ खाली ठेवलं. सोताचे दोन्ही हात उलटे-सुलटे करून बघितले.

"लय येळ व्हय?"

"व्हय."

"बरं," म्हणल्या. उठल्या. आत गेल्या.

त्येंना ते पटलं. मला वाटलं व्हतं त्या भांडतील, खोटं बोलतीस म्हणतील. मग कदाचित म्या सांगितलं असतं — आसंल, नसंल, काय म्हायीत. पण त्येंनी माज्यावर इश्वास ठेवला आन सोताच्या हातावरनं उठवला.

त्याच्यानंतर आत्या कुणाचं लेकरू न्हाऊ घालायला गेल्या न्हायत. खालच्या आळीची बाळंतीण सोता बलवायला आली व्हती, म्हणली काकू, आमचा तुमच्यावर भरवसा हाय. आत्या म्हणल्या, "माजाच न्हाय ऱ्हायला बाई." ताराक्का गावभर सांगत फिरली, म्हातारीला आता इसरायला व्हतंय, चांगला गुण व्हता हो तिच्या हातात, गेला. आता आत्या भाजीत मीठ घालतात आन मला हाक मारून इचारतात, घातलं का गं म्या? च्यात साखर टाकताना तोंडानं मोजतात. दाराला कडी लावून परत बघायला जातात. त्या खरंच इसराय लागल्यात का मी म्हणले म्हणून इसराय लागल्यात, मला सांगता येत न्हाय. मी नुसतं म्हणते, "घातलं की आत्या." माजं म्हणणं त्येंना खरं वाटतं.

आन इशू? इशू जरा उशिरा बसायला लागली. रांगायला बी उशिरा. लसीच्या दिवशी अंगणवाडीत दुसरी लेकरं बघते आन मनात त्येंचे महिने मोजते. त्याच्यानंच आसंल का? आशाताई म्हणतात, आसतं एखांदं लेकरू हळू, काळजी करू नको. पण त्येंना काय म्हायती? ज्या बाईला बघून कळलं असतं, तिला म्या आकडा सांगितला न्हाय. मी एकटी रोज तिच्या डोळ्यात बघते, पायात बघते. मला त्यातलं काय कळत न्हाय.

परवाचं सांगते. आत्या भिंतीला टेकून बसल्या व्हत्या, मी चुलीपशी. इशू रांगत रांगत त्येंच्याकडं गेली. लुगडं धरलं आन उभी ऱ्हायली. पहिल्यांदा. कुणी न शिकवता, पायावर उभी. आत्यांचं तोंड असं उजाळलं — आन त्येंनी दोन्ही हात वर केले. लेकराला लागू नयेत म्हणून. वर, डोक्याच्या वर, असे धरून ठेवले. इशू हालत व्हती, डुलत व्हती, हातातनं लुगडं सुटत व्हतं. नुसता एक हात खाली घेतला असता तर धरता आली असती. त्येंनी घेतला न्हाय. "सुनबाई, ये गं, लवकर ये, पडंल ती," असं म्हणत ऱ्हायल्या, हात तसंच वर.

मी पोचीस्तवर इशू पडली. कपाळाला टेंगूळ आलं. म्या उचलली. ती रडत रडत आजीकडं झेप घ्यायला लागली, दोन्ही हात लांब करून. मी तिला घेऊन घरात गेले.

आत्या भाईरनं म्हणल्या, "हळद लाव गं तिला." मग जरा येळानं म्हणल्या, "लेकरू माज्यामुळं पडलं का गं?"

मी हळद लावत बसले.

सतरा वळसे व्हते. म्या मोजले व्हते.